टेंटर लेनवरील बोळावरच्या खोलीबाबत

मी, क्लाइव्ह जॉर्ज हेपवर्थ, वय वर्षे छप्पन, राहणार १४, टेंटर लेन, हॅगथॉर्प, धंदा घरविक्रीच्या पाट्या ठोकणे आणि उपटणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही आणि ती चार नोव्हेंबरला बदलायची ठरली आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक सुखरूप घरी जातात. घरांच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला असे आकडे सांगू नयेत. अठ्ठ्याण्णव टक्के जमलेले आणि शेवटच्या दिवशी मोडलेले व्यवहार मी इतके पाहिले आहेत, की उरलेले दोन टक्के हाच माझ्या पोटापाण्याचा धंदा होता असे म्हटले तरी चालेल.

तरी हे लिहून ठेवतो.

कलम १. यापूर्वी २०१२ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही यव्हॉन हिला दिले होते. यव्हॉन आता समुद्रकाठच्या गावात एका दंतवैद्याबरोबर राहते. ते मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. यव्हॉनबद्दल माझी तक्रार नाही. ती का गेली, ते कलम ५ मध्ये आपोआप येईल.

कलम २. माझी अवजारे. मोठा घण, दोन पहारी, घडीची शिडी, खिळ्यांचे तीन डबे आणि पाट्यांची गाडी, हे सर्व जो कोणी माझ्यामागे या भागातल्या पाट्या ठोकण्याचे काम घेईल त्याला फुकट द्यावे. सोबत एक सूचना: खांब ठोकण्याआधी पत्ता तीनदा वाचावा. या गावात टेंटर लेन आहे, टेंटर क्लोज आहे, टेंटर क्रॉफ्ट आहे आणि ज्या चढावर धापा टाकत मला या झडपेचा पत्ता लागला ती टेंटर राइजही आहे. नगरपालिकेला दुसरे नाव सुचत नसेल, तर तो तिचा प्रश्न. चुकीच्या अंगणात खांब गेला, तर तो प्रश्न ठोकणाऱ्याचा होतो.

कलम ३. माझी बहीण लॉरेन गेली अकरा वर्षे स्पेनमध्ये राहते आणि दर रविवारी फोन करून तिथे किती ऊन आहे ते सांगते. परसात पाऊस मोजायची काचेची नळी आहे. ती लॉरेनला द्यावी.

कलम ४. घर. १४, टेंटर लेन हे घर, त्यातल्या सामानासह, मी माझी भाची टॅमसिन हिला देत आहे. टॅमसिन लॉरेनची मुलगी. आई उन्हाला गेली आणि ही इथेच राहिली. वय एकोणतीस. शाळेच्या मुलांची छोटी बस चालवते. माझ्या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी.

हे घर तिलाच का, ते सांगतो. गेल्या सात वर्षांत टॅमसिनने हॅगथॉर्पमध्ये पाच भाड्याची घरे बदलली. म्हणजे तिने बदलली नाहीत. दर वेळी मालकाने घर विकायला काढले. गेल्या मार्चमध्ये दलालाच्या सकाळच्या यादीत माझ्याकडे पत्ता आला: ३, मिल रो. कलम २ मधली सूचना मी स्वतः आता पाळतो, म्हणून तीनदा वाचला. तीनदा तोच निघाला. मी खांब घेऊन गेलो आणि दार वाजवले. टॅमसिनने दार उघडले, माझ्याकडे पाहिले, मग खांबाकडे पाहिले.

"मामा, आधी चहा घेणार, की आधी मला बाहेर काढणार?"

"मला माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं. मालकाचं पत्र बहुतेक तुझ्या खांबामागून चालत येतंय. डावीकडे ठोक, उजवीकडे माझे ट्यूलिप आहेत."

मी डावीकडे ठोकला. त्या दिवशी मी काम सोडून द्यायला हवे होते. सोडले नाही. कारण मी सोडले असते, तर दुसऱ्या कोणी ट्यूलिपवर ठोकला असता.

आता ती तिच्या मैत्रिणीच्या माळ्यावर राहते. फेब्रुवारीत तिला बाळ व्हायचे आहे. बाळाच्या बापाबद्दल तिने मला विचारू नकोस म्हटले आहे, म्हणून मी विचारलेले नाही. आमच्याकडे न विचारणे ही माया समजली जाते. या समजुतीने माझे किती वाटोळे केले, ते कलम ६ मध्ये येईल.

हे घर मी २००४ मध्ये घेतले, आणि तेही तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या घराच्या मालकाने माझा हात हातात घेऊन शब्द दिला होता, त्याच्या बायकोने केकही कापला होता. पाच आठवड्यांनी त्याने तेच घर दुसऱ्याला जास्त किमतीला दिले. मी त्याच्या दारावर 'विकले' अशी पट्टी चिकटवायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "राग नाही ना क्लाइव्ह?" मी म्हणालो, "छे." या देशात घराबाबत दिलेल्या शब्दाला, दोन्हीकडचे वकील कागदांची अदलाबदल करेपर्यंत, काडीचे वजन नसते. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवत आहे. पुढे लागणार आहे.

दुसऱ्या वेळी सहा कुटुंबांची साखळी होती. मी ज्यांचे घर घेणार, ते दुसऱ्याचे घेणार, तो तिसऱ्याचे, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच सकाळी हलायचे. साखळीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ होते, ते बैठ्या घरात जाणार होते. त्यांचा कुत्रा ते नवे घर बघून आला आणि दोन दिवस जेवला नाही. गृहस्थांनी बेत रद्द केला. सहा कुटुंबांनी खोकी उघडून कपबश्या परत फळीवर लावल्या. मी त्या कुत्र्याला एकदाही भेटलो नाही, पण तो कसा दिसत असेल याची मी वीस वर्षे कल्पना करतो आहे.

तिसरे हे घर. याची पाटी मीच ठोकली होती. दोनदा, कारण पहिली वाऱ्याने पडली. घराशेजारच्या बोळाच्या तोंडाशी मी अर्धा तास उभा होतो, घणाचे घाव घालत. वर पाहिले नाही. घर तपासायला बँकेने पाठवलेला तज्ज्ञही त्याच बोळात उभा राहिला. त्यानेही वर पाहिले नाही. वकिलाने नकाशा पाहिला, पण नकाशा जमिनीचा असतो. आम्ही सगळे मिळून एक खोली पाहायला विसरलो.

कलम ५. ती खोली. चौदा आणि सोळा ही दोन घरे एकाच गवंड्याने एकमेकांना जोडून बांधली. मधून परसाकडे जायला एक बोळ ठेवला, पूर्वी त्यातून कोळशाच्या हातगाड्या जात. बोळाची जमीन आणि बोळाच्या दोन्ही भिंती सोळा नंबरच्या मालकीच्या. बोळावर, त्या भिंतींच्या डोक्यावर, एक झोपायची खोली आहे. ती माझी. म्हणजे मी रोज रात्री माझ्या पलंगावर झोपतो आणि माझा पलंग दुसऱ्याच्या भिंतीवर झोपतो.

खोली उत्तम आहे. घरातली सर्वांत चांगली. पूर्वेकडे टेकडी दिसते, सकाळचे ऊन थेट उशीवर येते. टॅमसिन लहानपणी सुटीत येई तेव्हा तिथेच झोपे. बोळातून जाणाऱ्या माणसांचे बोलणे फळ्यांमधून ऐकू येते. सातव्या वर्षी तिने अशा रीतीने गल्लीतली तीन गुपिते गोळा केली होती.

पण बँकांना ऊन दिसत नाही. बँका विचारतात, खोली कोणाच्या भिंतीवर उभी आहे? तो माणूस उद्या भिंत पाडणार नाही, दुरुस्त ठेवील, हे त्याने कागदावर मान्य केले आहे का? मला कर्ज मिळाले तेव्हा कोणी विचारले नाही. आता सगळे विचारतात. २०१३ मध्ये मी आणि यव्हॉनने घर विकायला काढले होते. पाच कुटुंबांची साखळी जमली, आणि ती माझ्या खोलीशी येऊन तुटली. सामान गाडीत चढवण्याच्या आदल्या दिवशी. त्या वेळी मला समजले, की म्हाताऱ्याच्या कुत्र्याबद्दल मी इतकी वर्षे जे बोलत होतो, ते आता चार कुटुंबे माझ्याबद्दल बोलत असतील. यव्हॉन म्हणाली, "मी पुढे जाते, तू कागद करून ये." ती पुढे गेली. कागद झाला नाही.

माझ्या कर्जाची नऊ वर्षे बाकी आहेत. माझ्यामागे टॅमसिनला ते आपल्या नावावर नव्याने घ्यावे लागेल, आणि बोळाचा कागद नसेल तर कोणतीही बँक ते देणार नाही. मग तिला हे घर मिळेल त्या किमतीला विकावे लागेल. तिच्या दारात पुन्हा खांब येईल, आणि या वेळी तो ठोकायला मी नसेन. एवढी एकच गोष्ट आहे, जिच्यामुळे मला झोप लागत नाही. तो कागद एक पानाचा आहे. त्यावर एक सही हवी. ती सही सोळा नंबरच्या श्रीमती मार्जरी पिकर्सगिल यांची.

पिकर्सगिलबाई आणि मी पंधरा वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही.

कलम ६. हे कलम कोणाला काही देण्याबाबत नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून मृत्युपत्रातच घालतो.

२०१० च्या सप्टेंबरात पिकर्सगिलबाईंचे यजमान विल्फ वारले. चांगला माणूस, वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षे कारकून होता. अंत्यविधी गुरुवारी अकरा वाजता होता. मला काम होते, म्हणून मी फक्त शोकपत्र टाकले होते. त्या सकाळच्या यादीत पत्ता होता: १६, टेंटर क्लोज. मी वाचले असेल 'टेंटर' आणि 'सोळा', आणि उरलेले माझ्या पायांनी ठरवले. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या शेजारणीच्या अंगणात 'विकणे आहे' अशी साडेसात फुटांची पाटी ठोकली.

मला वाटले, फारच घाई केली बाईंनी. मग वाटले, दुःखात माणसे कशीही वागतात. विचारायला जावे असे वाटले नाही. अशा वेळी विचारायचे नसते.

साडेबाराला गावातले सत्तर लोक चर्चमधून निघून हॅमचे सँडविच खायला त्या पाटीशेजारून आत गेले. एकही जण काही बोलला नाही. पिकर्सगिलबाईंना वाटले, लेस्टरला राहणारा मुलगा ग्रॅहम याने परस्पर ठरवले. त्यांनी ग्रॅहमला विचारले नाही. ग्रॅहमला वाटले, आईने ठरवले. त्याने आईला विचारले नाही. शेजाऱ्यांनी केक आणून दिले आणि 'तिकडे हवा चांगली आहे का' असे मोघम विचारले. बाई मोघम 'हो' म्हणाल्या. शनिवारी त्यांनी गवत कापायचे यंत्र काढले आणि पाटीच्या खांबाभोवती गोल फिरवून गवत कापले. मी वरच्या खोलीतून पाहत होतो. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

असे तीन आठवडे. मग टेंटर क्लोजच्या सोळा नंबरवाल्याने दलालाला फोन केला, "आमची पाटी कुठं हरवली?"

तोवर चर्चमध्ये दुसऱ्या रविवारी फुले सजवायची पाळी, जी पिकर्सगिलबाईंकडे सव्वीस वर्षे होती, समितीने नव्या वसाहतीतल्या एका बाईला देऊन टाकली होती. 'मार्जरी जाणारच आहे तर' म्हणून. फुलांची पाळी दिली की परत मागता येत नाही. निदान हॅगथॉर्पमध्ये नाही. आजही ती नव्या बाईकडे आहे. ती प्लॅस्टिकची हिरवळ वापरते.

मी पहाटे उठून पाटी उपटली, खड्डा बुजवला, आणि दलालाने छापलेले कार्ड पिकर्सगिलबाईंच्या दाराच्या फटीतून आत सरकवले. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही नव्हती. असल्या कार्डांवर नसते.

तिथपासून बोलणे बंद. २०१३ पासून बोळाच्या कागदाची प्रत मी त्यांच्या दाराच्या फटीतून अकरा वेळा टाकली. अकराही वेळा ती कोरी परत आली. हाताने नाही. टपालाने, स्वस्तातले तिकीट लावून, त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंतची दोन पावले तीन दिवसांत चालून. त्यांचा कचऱ्याचा डबा सोमवारी बाहेर, माझा मंगळवारी, असे चालले आहे. दोघांचाही कचरा बुधवारी नेतात.

कलम ७. यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच मार्ग दिसला. बोळावरची खोली मी श्रीमती मार्जरी पिकर्सगिल, राहणार १६, टेंटर लेन, यांना कायमची देत आहे. तिच्याकडे माझ्या घरातून जाणारे दार विटांनी बंद करावे. मग त्यांच्या भिंतीवर त्यांचीच खोली राहील, आणि उरलेले १४ नंबर पूर्णपणे स्वतःच्या भिंतींवर उभे राहील. बँकेला हरकत उरणार नाही. टॅमसिनला एक खोली कमी मिळेल, पण घर मिळेल.

टॅमसिनला हे मी गेल्या रविवारी सांगितले. ती त्याच खोलीत उभी होती, रंगाचे नमुने भिंतीला लावून. पिवळ्याचे चार प्रकार होते. मला चारही एकच दिसत होते.

"मामा, तू बाळाची खोली त्या बाईला देतोयस?"

"बाळाला बोळापेक्षा घर मोठं हवं."

"अरे, पण तिचं दार वाजव ना! माणसानं माणसाला विचारावं की!"

"अकरा वेळा कागद टाकलाय."

"टाकलायस. विचारलं नाहीस." तिने नमुने गोळा केले. "तुम्ही दोघं मेलात ना, की तुमच्या थडग्यांवर एकच पाटी लावीन. 'यांना काही म्हणायचं होतं.'"

हे कलम लिहिताना माझे पेन दोनदा थांबले आहे, हे अक्षरावरून दिसेल. मला हे द्यायचे नाही. मला ही खोली टॅमसिनच्या बाळाला द्यायची आहे. पण पंधरा वर्षांच्या हट्टाला काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि ती मीच मोजलेली बरी.

कलम ८. दलाल श्री. क्रॅबट्री यांनी माझ्या घराच्या जाहिरातीत बोळावरच्या खोलीला 'हवेशीर आणि वैशिष्ट्यपूर्ण' असे म्हटले होते. माझ्याकडची सर्व जुनी विशेषणे त्यांना द्यावीत.

कलम ९. मला पुरावे. दगड साधा असावा. त्यावर नाव अचूक आहे ना, आणि खड्डा बरोबर जागी आहे ना, हे टॅमसिनने स्वतः जाऊन पाहावे. मला माझ्या धंद्यातल्या लोकांचा भरवसा नाही.

कलम १०. हे कलम मी आधी योजलेले नव्हते. ते मी सोळा नंबरच्या स्वयंपाकघरात लिहीत आहे. का, ते क्रमाने सांगतो.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, दोघांनी एकाच वेळी मला सही करताना पाहावे लागते, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर त्याला दिलेले ते रद्द होते, असा कायदा आहे. मी नऊ नंबरच्या म्हाताऱ्याला सांगून ठेवले होते. आज शनिवार, तो ऐन वेळी मुलीकडे गेला. दुसरा साक्षीदार इम्तियाझ, आमचा टपालवाला. तो दुपारी बाराला आला. अकरा परतीची पाकिटे यानेच वाहिली.

"दहा मिनिटं देतो, क्लाइव्ह," तो म्हणाला. "पण दुसरं कोण? अख्खी गल्ली बाजारात गेलीय. सोळा नंबरात रेडिओ चालू आहे."

"ती चालणार नाही. ती मृत्युपत्रात आहे."

"कोण? पिकर्सगिलबाई?" इम्तियाझने पिशवी खाली ठेवली. "तुमची वारस? अहो, दोन पावलांचं टपाल मी बारा वर्षं वाहतोय, आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"म्हणूनच ती चालणार नाही म्हणतोय."

"मग काय करणार? झडपेला सांगणार, थांब, नऊ नंबर परत येऊ दे?" त्याने माझे कोपर धरले. गड्याच्या हाताला चांगलीच पकड आहे. सोळा नंबरचे दार त्याने वाजवले नाही. माझे मनगट उचलून माझ्या हाताने वाजवले.

पिकर्सगिलबाईंनी दार उघडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. माझ्याकडे पाहिले, मग इम्तियाझकडे.

"आज टपाल दोघं मिळून वाटताय?"

"साक्षीला सही हवी आहे," मी म्हणालो. "मृत्युपत्र आहे. वाचायची गरज नसते. फक्त मी सही करताना पाहायचं."

"न वाचता मी तुझ्या कशावर सही केलीय का कधी? पाय पुसून ये."

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. कलम २ ला 'हं' म्हणाल्या. कलम ४ मधल्या कुत्र्याला हसल्या, मला दिसू नये अशा बेताने. कलम ६ ला त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ग्रॅहमने विचारलं नाही, ते खरं आहे. आणि पाटीभोवती गोल कापलं, ते खरं. सरळ कापता येत नव्हतं, मध्ये खांब होता."

"मला वाटलं तुम्ही विकताय."

"मला वाटलं मी विकतेय! सत्तर माणसांपुढं. विल्फ अजून नीट जमिनीत गेला नव्हता. मी तीन आठवडे रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहायचे. म्हटलं, शेजारी आहे, येईल. विचारील, 'मार्जरी, काय हे?' म्हणजे मलाही विचारता येईल. तू वरून हात हलवलास."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि नेहमीप्रमाणे 'गैरसोय' हा शब्द आधी पुढे आला. तो गिळला. म्हणालो, "पाटी माझी चूक होती. आणि ते कार्ड त्याहून मोठी चूक."

"हो," पिकर्सगिलबाई म्हणाल्या. "होती." आणि उठून किटली चढवली. इम्तियाझने घड्याळाकडे पाहिले आणि मुकाट्याने खुर्ची ओढली.

मग त्यांनी कलम ७ वाचले. दोनदा.

"ही खोली मला?"

"हो."

"मला माझा जिना चढवत नाही. तुझ्या खोलीत कशी जाऊ? बोळात शिडी लावून?"

"बाळाची आहे म्हणजे... टॅमसिनला ठेवायची होती. पण कागद होत नव्हता."

"तू उठलास की तुझ्या खोलीतली फळी रोज साडेसहाला वाजते. इथं, या भिंतीत. पंधरा वर्षं मी घड्याळाला किल्ली दिली नाही. तपासणीला दवाखान्यात राहिलास ते तीन दिवस मी आठला उठले." त्यांनी चहा पुढे ठेवला. "साखर?"

"एक."

"पूर्वी दोन घ्यायचास."

"झडप."

मी म्हणालो, कलम ७ खोडतो, तुम्ही साक्षीला राहा. त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"खोडू नकोस. मी सही केली की ते आपोआप मरतं. विल्फने असे कागद चाळीस वर्षं लिहिले, मला शिकवू नकोस. पण लिहिलेलं राहू दे. माझं काय काय गेलं, ते गावातल्या सगळ्यांना पाठ आहे. मला कोणी काही देऊ केलं होतं, तेही कुठंतरी राहू दे."

"आणि बोळाचा कागद?"

"सोमवारी वकिलाकडे जाऊ. साडेदहाला. तू गाडीने नेशील. पाट्यांच्या गाडीने नाही."

तीस वर्षे माणसे असेच म्हणताना ऐकली आहेत. सोमवारी. नक्की. हातात हात घेऊन, केक कापून. मी म्हणालो, "पिकर्सगिलबाई, रागावू नका. घराबाबत या देशात शब्दाला—"

"वाचलं मी. कलम चार." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इम्तियाझने बिस्किटाच्या डब्याचे झाकण अलगद परत लावले. "लिहून हवंय तुला."

"हो."

"बरं. आधी तू तुझं लिहून संपव. अजून लिहितोयस? या बिचाऱ्याला अख्खी टेंटर राइज चढायची आहे."

संपवतो. वरील दहा कलमे माझ्या इच्छेप्रमाणे लिहिली आहेत. कलम ७ खोडलेले नाही. दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर बसलेले आहेत आणि मी त्यांच्यासमोर सही करीत आहे.

क्लाइव्ह जॉर्ज हेपवर्थ
१६, टेंटर लेन, हॅगथॉर्प, येथील स्वयंपाकघर
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५, दुपारचे एक वाजून पाच मिनिटे

साक्षीदार पहिला: इम्तियाझ महमूद, टपालवाटप. (उशिराबद्दल टेंटर राइजच्या रहिवाशांनी श्री. हेपवर्थ यांना विचारावे. प्रत्यक्ष जाऊन.)

साक्षीदार दुसरी: मार्जरी पिकर्सगिल, विल्फ यांची पत्नी, राहणार १६, टेंटर लेन. सोमवारी, २० ऑक्टोबरला, सकाळी साडेदहा वाजता बोळाच्या कागदावर सही करीन. माझे घर विकाऊ नाही. कधीच नव्हते.